सावलीतले शब्द

सुहृद आजगावकरला मत्सर वाटू लागला तो एका मेलेल्या माणसाचा, आणि तोही लग्न होऊन दीड वर्ष उलटल्यावर.

लग्नाआधी त्याला सगळं ठाऊक होतं. शर्वाणीचा पहिला नवरा कौस्तुभ बाजारातून मासे घेऊन येताना रस्त्यातच कोसळला होता. मेंदूत रक्तस्राव. त्यानंतर काही वर्षांनी सुहृद वेंगुर्ल्याजवळच्या सिंधुतळ संशोधन केंद्रात नोकरीला लागला, तिथे त्याची आणि शर्वाणीची ओळख झाली आणि पुढे लग्न. कौस्तुभचा फोटो हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटाशेजारी होता, तो सुहृदने कधी हलवला नाही. शर्वाणी कौस्तुभच्या आईला भेटायला सावंतवाडीला जायची तेव्हा गाडी सुहृदच चालवायचा, आणि त्या माउलीच्या हातची सोलकढी दोनदा मागून घ्यायचा. फोटोतल्या माणसाचा कसला त्रास, असं तो म्हणायचा आणि ते खरंही होतं.

त्रास सुरू झाला तो टर्मिनलमुळे.

केंद्राकडे 'कासव' नावाची एक छोटी पाणबुडी होती. दोन माणसं जेमतेम मावतील असा काचेचा जाड गोळा, बाहेर दिवे, पंखे आणि एक यांत्रिक हात. शर्वाणी ती चालवायची. वर जहाजावर नियंत्रणाच्या खुर्चीत सुहृद असायचा. साध्या हालचालींना दांडा होता, पण नाजूक कामं टर्मिनलवर आज्ञा टंकूनच करावी लागत. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात माणूस एक ओळ लिहितो आणि यंत्र ती पाळतं. खिडकीमागे शेल नावाचा दुभाषा बसलेला असतो. कुठला प्रोग्राम कुठे सापडेल, कुठल्या छोट्या शब्दाचा अर्थ कुठली लांबलचक आज्ञा, हे सगळं त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. खिडकी उघडली की तो एक फाइल वाचतो आणि कामाला लागतो.

जुन्या काळी यात एक मोठी गोम होती. प्रत्येक टर्मिनल प्रोग्राम वेगळी फाइल वाचायचा. एकाला वाटे, माणूस आत्ताच दारातून आत आलाय, सगळं पहिल्यापासून वाचू. दुसऱ्याला वाटे, हा तर घरातच होता, थोडक्यात भागवू. त्यामुळे ऑफिसातल्या खिडकीत चालणारा शब्द जहाजावरच्या खिडकीत चालत नसे, आणि जहाजावरचा घरी. अख्खी एक पिढी या फायली इथून तिथे नेण्यात दमली.

मग 'सावली' ही नवी प्रणाली आली. सावली फायली उचलून नेत नव्हती, ती माणूस ओळखायची. कुठल्या शब्दामागून कुठला शब्द येतो, बोट कुठे अडखळतं, कुठली चूक नेहमी होते, यावरून ती प्रत्येकाचा एक ठसा बनवायची. जगातल्या कुठल्याही टर्मिनलसमोर बसा, चारदोन अक्षरं टंका, की तुमची सगळी मांडणी तिथे हजर. केंद्राच्या ऑफिसात, जहाजावर, घरी, अगदी समुद्राच्या तळाशी कासवातसुद्धा. शिवाय एकच काम करणाऱ्या दोघांच्या सावल्या जोडता यायच्या. मग एकाचे उपयोगी शब्द आपसूक दुसऱ्याकडे जायचे.

सुहृद आणि शर्वाणीने लग्नानंतरच्या एका रविवारी चहा पिता पिता सावल्या जोडल्या. रेशनकार्डावर नाव चढवावं तितक्या सहज.

काही महिन्यांनी सुहृद घरी बसून एक अहवाल तपासत होता. कॅमेऱ्याची जुनी चित्रं उघडायची म्हणून त्याने 'उ' टंकला आणि खिडकीने पुढचं स्वतःच लिहिलं, 'उजेड'.

"हे उजेड काय आहे गं?"

शर्वाणी स्वयंपाकघरात नारळ खवत होती. "दिवे पूर्ण लावून कॅमेरा चालू करायचा. कौस्तुभचं आहे ते." आणि ती पुन्हा खवू लागली.

एवढंच. पण सुहृदचा हात तिथेच थांबला. कासवाची सगळी आज्ञावली कौस्तुभने लिहिली होती हे त्याला माहीत होतं. पहिल्या बुड्या त्या दोघांनीच मारल्या होत्या, तो आणि शर्वाणी, त्या काचेच्या गोळ्यात खांद्याला खांदा लावून. हे माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या बोटाखाली त्या माणसाचा शब्द उमटणं वेगळं.

त्यानंतर त्याला ते शब्द सगळीकडे दिसू लागले. 'उजेड', 'निवांत', 'डोल', 'हळूच', 'बघू'. केंद्रात बसला तरी तेच, जहाजावर तेच. जुने टर्मिनल प्रोग्राम असते तर निदान एखाद्या खिडकीत सुटका झाली असती. सावलीने कुठेच फट ठेवली नव्हती. आणि वाईट म्हणजे ते शब्द चांगले होते. नेमके होते. आठ दिवसांत सुहृद स्वतःच ते वापरू लागला.

एकदा जहाजावरून ध्वनियंत्रावर बोलताना तो सहज म्हणून गेला, "शर्वाणी, आता निवांत कर."

'निवांत' म्हणजे सगळे पंखे बंद करून कासवाला तळावर अलगद टेकू द्यायचं. त्या दिवशी बुडी उथळ होती, चित्र स्पष्ट येत होतं. शर्वाणीने झटकन मान वर केली आणि कॅमेऱ्यात पाहिलं. तिचा चेहरा सुहृदने कधी पाहिला नव्हता असा उघडला. मग क्षणात तिला कळलं, आवाज कुणाचा आहे. चेहरा मिटला. "करते," असं म्हणून ती कामाला लागली.

लग्न झाल्यापासून सुहृद त्या नजरेची वाट बघत होता. ती आली, त्याच्याकडे बघतच आली, आणि त्याच्यासाठी नव्हती.

संध्याकाळी जेटीवरून घरी जाताना त्याने विषय काढला. "मी म्हणत होतो, कासवावरचे शब्द बदलूया का? आपण दोघं मिळून नवीन ठेवू."

"का?"

"सहज."

"बोटांना सवय आहे रे त्यांची. चाललंय ते चालू दे की."

तिथेच सुहृदने खरं कारण सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "बरं," आणि गाडी चालवत राहिला. पण डोक्यात ते शब्द घोळत राहिले. विशेषतः 'डोल'. कासव चिखलात रुतलं की आतला बॅटऱ्यांचा गाडा पुढेमागे सरकवायचा, त्याच तालात दोन्ही पंखे आलटूनपालटून चालवायचे, म्हणजे ते डुलत डुलत सुटतं. हे नाव सुचलं तेव्हा कौस्तुभ हसला असेल. ती हसली असेल. तो गोळा केवढासा, हसू कुठे जाणार? सुहृद आयुष्यात कधी कासवातून खाली गेला नव्हता. दाब वाढला की त्याचे कान फुटायला यायचे असं तो सांगायचा. खरं तर त्याला भीती वाटायची आणि शर्वाणीला ते माहीत होतं.

पुढच्या मोहिमेच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, केंद्रातली खोली रिकामी असताना त्याने सावली उघडली.

त्याने सगळं नीट ठरवलं होतं. आज्ञा त्याच राहणार, फक्त नावं बदलणार. 'डोल'च्या जागी त्याने 'हिंदोळा' ठेवलं. त्याला ते जास्त सुंदर वाटलं. आणखी दोनतीन शब्द असेच. उजेड, निवांत हे रोजचे होते, ते काढले तर लगेच बोभाटा होईल. म्हणून आधी क्वचित लागणारे काढायचे, तिच्या नकळत, आणि मग हळूहळू बाकीचे. क्वचित लागणारे शब्द कधी लागतात, हा विचार एवढ्या हुशार माणसाच्या डोक्यात आला नाही. मत्सराने डोकं चालतं खूप, पण एकाच दिशेने.

सावलीने विचारलं, फक्त या टर्मिनलवर, की सगळीकडे?

त्याने 'सगळीकडे' निवडलं. छातीवरून ओझं उतरल्यासारखं वाटलं त्याला. संध्याकाळी तिला सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. संध्याकाळी ती उद्याच्या पाहुण्यांबद्दल भरभरून बोलत होती, गोव्याचे प्राध्यापक लोबो, सागरी स्पंजांवर आयुष्य घालवलेला माणूस, पहिल्यांदाच खाली येणार. तिचा मूड कशाला घालवा, म्हणून तो गप्प राहिला.

एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. कासवावर नवा शब्द भरायचा तर चालकाची संमती लागे, आणि ती विचारणारा निरोप शर्वाणीच्या न वाचलेल्या निरोपांत पडून होता. शब्द काढायला मात्र कुणाची संमती लागत नव्हती. कमी केल्याने कुणाचं काय बिघडणार, असं नियम करणाऱ्यांना वाटलं असावं. त्यामुळे कासवावरून 'डोल' गेला होता आणि 'हिंदोळा' आला नव्हता.

सकाळी समुद्र शांत होता. कासव खाली गेलं. जिथे किनाऱ्याचा उथळ तळ संपून एकदम उतार लागतो, तिथल्या कड्यावर स्पंजांची बाग होती. एवढ्या खोलीवर आवाजाचं बोलणं पोचत नसे, नुसती अक्षरं, ध्वनिलहरींवरून, एकामागून एक. शर्वाणीने तळावरून लिहिलं, 'लोबो सर लहान मुलासारखे ओरडतायत.' जहाजावर सगळे हसले.

थोड्या वेळाने अक्षरं पुन्हा उमटली. 'जाळं. मागचा पंखा अडकला.'

ट्रॉलरची तुटलेली जाळी वर्षानुवर्षं समुद्रात भटकतात. नायलॉन कुजत नाही. तशा एका जाळ्याने कड्यावर पदर पसरला होता आणि कासव मागे येताना नेमकं त्यात शिरलं होतं.

मोहिमेच्या प्रमुख मणेरीकर बाई सुहृदच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "वजनं टाकू नको म्हणावं तिला. हलकं होऊन वर उसळलं तर गाठ आणखी आवळेल. आधी हलवून सोडवायला सांग."

सुहृदने लिहिलं. उत्तर आलं, 'डोल करते.'

हाच शब्द त्याने काल दुपारी काढला होता. कासवाच्या टर्मिनलची प्रत त्याच्या पडद्यावर दिसत असे. तिथे ओळ उमटली, 'डोल'. खाली यंत्राचं उत्तर, 'अशी आज्ञा नाही.' पुन्हा, 'डोल'. अशी आज्ञा नाही. मग तिने एकेक अक्षर सावकाश टंकलं, चूक आपलीच असेल असं समजून. अशी आज्ञा नाही.

'डोल चालत नाही. का?'

"काय झालं रे?" मणेरीकर बाईंनी विचारलं. "कासवावर आहे ना तो शब्द?"

"होता."

"होता म्हणजे?"

"मी काढला."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "परत घाल. बाकीचं वर आल्यावर बघू."

मूळ आज्ञा लांब होती. गाडा किती सरकवायचा, कुठल्या पंख्याला किती जोर, मध्ये किती थांबायचं, सगळे आकडे. शर्वाणीला ती पाठ असण्याचं कारण नव्हतं. वर्षानुवर्षं एकच शब्द टंकला की त्यामागचं सगळं माणूस विसरून जातो, शब्द त्यासाठीच असतो. कासवावर 'हिंदोळा'ही पोचलेला नाही हे सुहृदला पडद्यावर दिसत होतं, पण पूर्ण आज्ञा त्याच्याकडे तयार होती, त्याने ठेवलेल्या नावाखाली. ती जशीच्या तशी पाठवली असती तरी चाललं असतं. हिंदोळा, पुढे आकडे, की झालं.

त्याने पाठवण्याच्या कळीवर बोट ठेवलं आणि थांबला. खाली गोळा एका बाजूला कलला असेल. लोबो सरांचा श्वास वाढला असेल आणि ती त्यांना धीर देत असेल. अशा वेळी तिच्या बोटांना जे येतं तेच द्यायला हवं. त्याने 'हिंदोळा' खोडला. त्याजागी दोन अक्षरं लिहिली, जी त्याला गेले कित्येक महिने डोळ्यांसमोर नको होती, आणि ओळ पाण्यात सोडली.

अक्षरं जाताना दिसत होती. एक, मग एक. मध्येच जाळ्याचा पडदा हलायचा आणि लहरी तुटायच्या. यंत्र कोरडेपणाने सांगायचं, दोन अक्षरं पोचली नाहीत, पुन्हा पाठवतो. सुहृद आयुष्यात कधी नवस बोलला नव्हता. त्या वेळी तो ग्रामदेव वेतोबाला मनातल्या मनात केळ्यांचा घड बोलून बसला. ते कुणाला सांगायची त्याला पुढे लाज वाटली.

मग पडद्यावर ओळ आली. 'डोल'.

यंत्र गप्प. म्हणजे ऐकलं होतं. कल दाखवणारी रेघ पुढे झुकली, मागे झुकली. पुन्हा डोल. पुन्हा. मणेरीकर बाईंचा हात सुहृदच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळला होता. आणि एकदम रेघ सरळ झाली.

'सुटलो. पंखा गेला. वजनं टाकते.'

जहाजावर टाळ्या वाजल्या. सुहृदने वाजवल्या नाहीत.

कासव वर आलं, यारीने उचलून डेकवर ठेवलं, झाकण उघडलं. आधी लोबो सर निघाले, घामाने चिंब आणि भलतेच उत्साहात. "अहो, तुमची बाई काय बाई आहे! मला म्हणते, सर, तोवर स्पंज मोजा!" असं म्हणत त्यांनी सुहृदला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून सुहृदला शर्वाणी उतरताना दिसली. ती त्याच्यासमोरून जाताना थांबली.

"खाली पडद्यावर आलं," ती म्हणाली. "'नवीन शब्द, डोल. भरणारा, सुहृद आजगावकर. संमती?' नवीन."

आणि पुढे गेली.

घरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. त्याने भात लावला, ती जेवली, ताट उचलून ठेवलं. मग ती पडवीत येऊन त्याच्यासमोर बसली.

"सांग आता. का काढलास?"

सुहृदने सांगितलं. उजेड, निवांत, ती नजर, सगळं. सांगताना ते त्याला स्वतःलाच फार लहान वाटलं. "तो गेलाय, शर्वाणी, हे मला कळतं. पण मी जिथे बसतो तिथे तो आधीच बसलेला असतो. माझ्या बोटांतसुद्धा तो. मला एक तरी खिडकी हवी होती, जिथे फक्त आपण दोघं असू."

तिने अंगणातल्या सुपारीकडे पाहिलं.

"निवांत त्याचा," ती म्हणाली. "उजेडही त्याचा. डोल माझा होता. मी ठेवलेला. तो तर त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव देऊन बसला होता. मी भांडून बदलून घेतलं."

"डोल तुझा?" सुहृदने विचारलं.

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं मी. तू त्याला पुसायला निघालास आणि मला पुसलंस. आणि आम्ही दोघं खाली मरता मरता वाचलो, ते निराळंच. लोबो सरांच्या नातीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात, त्यांनी आमंत्रण दिलंय. मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मी सांगतो त्यांना. सगळं."

"सांगच."

त्याने सांगितलं. लोबो सर फोनवर म्हणाले, "तरुणपणी मी बायकोच्या व्हायोलिन मास्तरचा इतका द्वेष करायचो, की विचारू नका. पण व्हायोलिन मोडलं नव्हतं हो मी." आणि फोन ठेवला. तो टोमणा सुहृदला बरेच दिवस पुरला.

मणेरीकर बाईंनी त्याला त्या हंगामापुरतं जहाजावरून उतरवलं आणि जमिनीवरच्या कामाला लावलं. शब्द काढायलाही चालकाची संमती लागेल हा नियम त्याच्याकडूनच लिहून घेतला. नियंत्रणाच्या खुर्चीत पाटकर नावाचा सहकारी बसू लागला. शर्वाणी घरी येऊन पाटकरचा एखादा विनोद सांगायची, तेव्हा सुहृदचा तो जुना मत्सर पुन्हा जागा व्हायचा. फरक इतकाच, की आता तो तो बोलून दाखवायचा. "मला पाटकरचा राग येतोय." "येऊ दे," ती म्हणायची, "कुकरची शिट्टी मोज."

सावल्या तिने सोडवल्या होत्या. पडवीत बोलणं झालं त्याच संध्याकाळी, त्याच्यासमोर. दोघांच्या खिडक्या वेगळ्या झाल्या. सुहृदच्या टर्मिनलमध्ये आता कौस्तुभचा एकही शब्द उरला नव्हता. त्याला हवी होती तशी मोकळी, स्वच्छ खिडकी मिळाली होती आणि तिच्यासमोर बसून त्याला करमत नसे. 'उ' टंकला की नुसता 'उ' राहायचा.

पावसाळा सरल्यावर बाईंनी त्याला परत जहाजावर बोलावलं. कासवाच्या यांत्रिक हाताला आता जाळी कापायचं एक पातं बसवलं होतं. पहिल्याच बुडीत शर्वाणीने तळाशी एक जाळं शोधून ते वापरून पाहिलं. काम झक्कास झालं. मग तिची अक्षरं वर येऊ लागली.

'याला शब्द हवा. काय ठेवू?'

सुहृदच्या मनात तत्क्षणी एक शब्द आला. चांगला होता, छोटा, नेमका. तो ठेवला गेला तर कासव असेपर्यंत राहील, पुढे जे कुणी खाली जातील त्यांच्या बोटांत राहील. त्याने तो टंकला. पडद्यावर तो फार छान दिसत होता. मग त्याने तो सबंध खोडला आणि लिहिलं, 'तू ठेव.'

अक्षरं खाली गेली. मग उत्तर आलं.

'पाच मिनिटं वाट बघते. तुला सुचलाय हे मला माहीत आहे. पाठव.'